हात बघायचे

वाकडेवाडीला, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये
इंगवले सुभेदारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं :
चेहरा बघू नका. चेहरा हसतो, रडतो, फसवतो.
माणूस मारतो ते हाताने.
हात बघायचे.

अकरा वर्षं मी हातच बघतोय.
पार्किंगच्या पोराचे, कुरिअरवाल्याचे,
हार घालायला पुढे झुकलेल्या स्वागत समितीचे.
साहेबांच्या थोरलीच्या लग्नात
‘सावधान’ म्हटल्याबरोबर
दोन हजार मुठी एकदम उघडल्या,
तेवढा गोळा पोटात पुन्हा कधी आला नाही.

कागदोपत्री साहेबांना ‘प्रिन्सिपल’ म्हणतात.
आमच्या आईला वाटतं, मी कॉलेजात लागलोय.
राहू दिलंय तसंच.

प्रभात रोड ते चाकण, रस्ते तीन :
एक नाशिक फाट्यावरून, एक आळंदीकडून,
एक लांबचा, तळेगावहून.
आज कुठला, ते गाडी सुरू झाल्यावरच
शब्बीरच्या कानात सांगायचं.
सवय हीच फट.
मोशीच्या अलीकडे एका टपरीवरचा चहा साहेबांना आवडला.
दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा मी नाही म्हणालो.
साडेचार हजार माणसांना नाही म्हणू शकणारा माणूस
जाड काचेतून त्या वाफेकडे बघत राहिला.

मार्चमध्ये प्रेस शॉप बंद झालं.
एप्रिलमध्ये चिठ्ठ्या सुरू झाल्या.
एक टाईप केलेली. एक वहीच्या पानावर, शिव्या फार.
आणि एकात नुसता घरचा पत्ता,
पिनकोडसकट, बिनचूक.
त्या तिसरीने माझी झोप नेली.

शुक्रवार. गेट नंबर दोन. चार वाजून दहा.
गतिरोधकावर गाडी मंदावली,
आणि डावीकडून एक म्हातारा,
उजवा हात कापडी पिशवीत.
कोपरापर्यंत आत.

दार कधी उघडलं ते आठवत नाही.
मनगट धरलं ते आठवतं.
पीळ वर, खांदा खाली, गुडघा पाठीत.
शिकवलं होतं अगदी तसं, पावणेदोन सेकंद.
शब्बीरने गाडी काढली. साहेब सुरक्षित.

मग हात बघितला.
अंगठा होता. करंगळी होती.
मधे काहीच नव्हतं,
नुसती चकचकीत, ताणलेली कातडी.
मी त्यातून हत्यार काढून घ्यायला
अजून दाबतच होतो.

पिशवीतनं मातीत पडलं ते
एक्स-रेचं पिवळं पाकीट, ईएसआयचं पुस्तक,
गेटवर परत न केलेलं टोकन.
बिराजदार, हणमंत. प्रेसवर सतरा वर्षं.
म्हातारा कसला, माझ्याच वयाचा.
तोंडातली माती थुंकून, ओरडला नाही, समजावल्यासारखं म्हणाला :
‘मूठ वळत नाही ना, बंद धरता येत नाहीत.
म्हणून हात आत घालून
पोटाशी धरतो पिशवी.’

रात्री फॉर्म भरला.
हत्यार : नाही.
शारीरिक खूण : लिहिली.
धोक्याची पातळी : हा रकाना
दोनदा खोडला, मग कोरा ठेवला.
कंपनीने अभिनंदनाचं पत्र दिलं, दहा हजार दिले.
फ्रीज घेतला त्यातनं. हप्ते चालू आहेत.

चिठ्ठ्यांवाला अजून सापडलेला नाही.

सोमवारी मागच्या सीटवर फाईल होती.
आरशातून मी पहिल्यांदाच
साहेबांचे हात बघितले.
पाची बोटं, नखं कापलेली,
पानं उलटत होते, प्रत्येकावर सही.
मान वर न करता म्हणाले,
‘काय हवं होतं रे त्याला?’
‘सही, सर. एका कागदावर.’
‘अच्छा.’
पेनाचं टोपण लागल्याचा बारीक आवाज आला.
बराच वेळ मग काही नाही.

शब्बीरने विचारलं, कुठून घेऊ?
म्हटलं, तळेगावहून.
लांब पडतं.
पडू दे.